सावलीसावलीने जोधपूर

नकाशावर मुंबईवर बोट ठेवून ते सरळ उत्तरेकडे सरकवत नेलं, तर सुमारे आठशे किलोमीटरवर जोधपूर लागतं. दोन्ही शहरं ७३ अंश रेखांशाच्या आगेमागे. त्यामुळे सूर्य दोन्हीकडे एकाच सुमारास डोक्यावर येतो, आणि तोही बाराच्या ठोक्याला नाही, साडेबारा-पाऊणच्या दरम्यान. जुळतं ते एवढंच. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जोधपुरात साडेतीनशेच्या आसपास, तोही जुलै ते सप्टेंबरमधल्या मोजक्या दिवसांत.

मुंबईचा माणूस किल्ला, निळी घरं, लस्सी अशी यादी घेऊन जातो आणि रिक्षाने दोन दिवसांत ती उरकून येतो. यादीत चूक काहीच नाही. पण जोधपूर हे उघड्यावर, पायी आणि वेळ बघून फिरायचं शहर आहे. सकाळी आठला जी गल्ली सुखाची असते, तिथेच दुपारी दोनला उभं राहवत नाही. आणि जी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दुपारी थंडगार असते, ती सकाळी नुसतीच अंधारी. सावली आणि साठवलेलं पाणी या दोन गोष्टींवर हे शहर बांधलंय. त्या दोन्हींचा माग काढत फिरलं की किल्ला, वस्ती आणि बाजार आपोआप वाटेत येतात.

सावलीचं महत्त्व मुंबईकराला पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे सावली अर्धवटच काम करते. मे महिन्यात दादरला पुलाखाली उभे राहा, ऊन लागणार नाही, पण घाम तसाच निथळत राहील. हवेत आधीच इतकं बाष्प असतं की अंगावरचा घाम उडून जात नाही, आणि घाम उडाल्याशिवाय अंग निवत नाही. जोधपूरची हवा पावसाळ्याचे दोन-अडीच महिने सोडले तर कोरडी असते. तिथे उन्हातून सावलीत दोन पावलं टाकली की फरक चटकन कळतो. ३५ अंशांतही सावलीत बसून गप्पा मारता येतात.

या कोरडेपणाची दुसरी बाजू फसवी आहे. घाम येताक्षणी उडून जातो, म्हणून तो येतोय हेच कळत नाही. शर्ट कोरडाच राहतो. संध्याकाळी पाठीवर, टोपीच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेव्हा किती पाणी गेलं त्याचा हिशेब लागतो. मुंबईत आपण घाम पुसताना पाण्याची बाटली काढतो. तिथे ती आठवण करून देणारं कुणी नसतं. म्हणून तहानेवर विसंबू नका. हिवाळ्यात दिवसभर पायी फिरायचं तर माणशी तीन लिटर धरा. मार्चनंतर उन्हात चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि तेही घोटाघोटाने. लघवी गडद पिवळी झाली की आपण मागे पडलो असं समजायचं. जोडीला ओआरएस ठेवा, पण पाकिटावरचं माप वाचूनच कालवा. २१ ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट एका ग्लासात कालवून पिणारे खूप भेटतात. त्याने मीठ इतकं जास्त होतं की फायदा राहिला बाजूला, तहान आणि मळमळ मात्र वाढते.

कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. मुंबईत पावसाळी ट्रेकला वापरतो ते झटपट वाळणारे टी-शर्ट इथे फारसे कामाचे नाहीत, कारण इथे ओल टिकायला हवी असते. गळ्याला पंचा ओला करून गुंडाळा; पंधरा-वीस मिनिटांत तो वाळतो आणि तेवढा वेळ मानेला चांगला गारवा देतो. हाच प्रयोग ऑगस्टमध्ये परळला केलात तर नुसता ओला पंचा गळ्यात राहील. ओठांना आणि नाकाच्या आतल्या कडेला व्हॅसलीन लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी नाक शिंकरताना रक्त दिसतं आणि घरचे उगाच घाबरतात.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसा पंचवीसच्या आसपास, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. मुंबईकराकडे खरा स्वेटर नसतो, एक 'माथेरानचा' असतो. तो पुरतो, पण टोपी हवी. ऑक्टोबरात शरद पौर्णिमेच्या सुमारास किल्ल्यावर लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो, दिवाळीच्या सुट्टीत सगळा गुजरात आणि महाराष्ट्र तिथे लोटतो. दोन्ही वेळी राहण्याचे भाव चढे. एप्रिल ते जून चाळिशीच्या पुढे आणि वर लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, वाहते, तेव्हा हौसेने जाऊ नये. ऑगस्टचा शेवट मात्र जाणकारांचा मोसम आहे. त्याचं कारण खडकात आहे.

जोधपूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. त्या इथे नाहीत. टेकड्यांसाठी साठ-पासष्ट किलोमीटर उत्तरेला ओसियांला जावं लागतं. जोधपूर खडकावर वसलंय. इथला किल्ला मेहरानगड ज्या कड्यावर आहे तो रायोलाइट म्हणजे ज्वालामुखीतूनच आलेला दगड, वय सुमारे ७५ कोटी वर्षे. आपला अंधेरीचा गिल्बर्ट हिलही ज्वालामुखीचाच, पण तो बेसॉल्ट आणि वय साधारण साडेसहा कोटी. गिल्बर्ट हिलचे उभे खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना मेहरानगडाखालच्या कड्यातल्या उभ्या भेगा लगेच ओळखता येतील. लाव्हा निवताना आकसतो आणि असा उभा तडकतो. मेहरानगडाखालचा हा दगड भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलाय. किल्ल्याच्या वाटेवर पाटी आहे. तिच्यापाशी पाच मिनिटं थांबा, बाकीचे सगळे तिच्यासमोरून रिक्षाने भुर्रकन निघून जातात.

या खडकाचा गुण असा की तो पाणी मुरू देत नाही. हेच तर हवं होतं. साधा हिशेब करा: एक हेक्टर खडकावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. मातीत ते मुरून गेलं असतं. उघड्या खडकावरून बहुतेक वाहून खाली येतं. म्हणजे साडेतीनशे मिलिमीटरसुद्धा पुरेसे आहेत, फक्त पाणी अडवून नेता आलं पाहिजे. जोधपूरने तेच केलं. टेकड्यांवरचं पाणी खडकात कोरलेल्या नहरींतून तलावांत, तलाव भरला की सांडवा पुढच्या तलावात, आणि तलावाखालच्या वस्तीत विहिरी आणि बावड्या, ज्यांना झिरपणारं पाणी मिळतं. किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर अशीच एकमेकांना जोडलेली तळी आहेत. वरचं भरलं की खालचं भरतं. ज्यांनी बोरिवलीच्या कान्हेरीला चरे आणि पाण्याची टाकी निरखून पाहिलीत त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथल्या शंभराहून अधिक लेण्यांत बहुतेकांच्या दाराशी टाकं आहे आणि कातळावर चर काढून पाणी त्यात वळवलंय. फरक एवढाच की कान्हेरीला आठ महिन्यांची सोय करायची होती, जोधपूरला पाऊस चुकलेल्या वर्षाचीही.

हे सगळं प्रत्यक्ष चालत बघायची जागा म्हणजे किल्ल्याच्या उत्तरेला असलेलं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. सत्तर हेक्टरांच्या आसपास क्षेत्र. २००६ मध्ये काम सुरू झालं, २०११ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. प्रवेश सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीतून. आत रंगांच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, एकेक वाट दीडेक किलोमीटरच्या आतली, पण चढउताराची आणि सुट्या दगडांची. एका वाटेवर खडकात कोरलेल्या जुन्या नहरीच्या तळातूनच चालता येतं. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी, आणि भिंतींवर छिन्नीचे घाव अजून मोजता येतील असे. उद्यान उघडताच आत शिरा; नेमकी वेळ मोसमाप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी विचारून ठेवा. दहानंतर खडक तापतो आणि पक्षी गप्प होतात.

उद्यान म्हणजे इथे काही लावलं असेल असं वाटतं; आधी मोठं काम होतं ते काढण्याचं. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात ती मूळची अमेरिका खंडातली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानाने तिचं बी मुद्दाम पसरवलं. दुष्काळात हिरवळ हवी होती. ती मिळाली, पण बाकीचं सगळं हटवून. ही बाभूळ वरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते, कारण फुटव्याचे डोळे मुळाच्या वरच्या भागात असतात. साधारण दीड फूट खोल जाऊन तो भाग उपटला तरच ती मरते, आणि इथे तर मूळ खडकाच्या भेगेत. सुरुंग लावायचा तर बाजूची भिंत आणि मंदिरं आहेत. शेवटी खंडवालिया, म्हणजे पिढीजात खाणकाम करणारे लोक बोलावले. हातोडीने खडक वाजवून, आवाजावरून कुठे फुटेल ते ठरवायचं आणि छिन्नीने मुळापर्यंत खड्डा करायचा. मग त्याच खड्ड्यात थरच्या वाळवंटातली मूळ रोपं लावली. कोकणात किंवा विदर्भात जे लोक तणनाशक फवारून वेडी बाभूळ संपवू बघतात त्यांनी हे एकदा बघून यावं.

आता जे उगवलंय ते एकेक करून बघण्यासारखं आहे. थोराचे जाड हिरवे दांडे कोरड्या दिवसांत पानं झटकून टाकतात आणि अन्न बनवायचं काम दांडाच करतो. त्याचा चीक डोळ्यात गेला तर आग होते. हात लागलाच तर डोळे चोळू नका, गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा. गुग्गुळाची साल कागदासारखी सुटत असते. कुमटाचे काटे तर बसून बघण्याची गोष्ट आहे. तीन-तीनच्या जुड्या, दोन काटे वर वळलेले आणि मधला खाली. बाही अडकली आणि घाबरून ओढलीत तर वरचे सुटतात, खालचा घट्ट रुततो. थांबायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, ज्या बाजूने गेलो त्याच बाजूने कापड सोडवायचं. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला तिची पूजा करून आपण विसरतो. मारवाडात शेताच्या मधोमध तिला राखतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई माणसं मारली गेली, अमृतादेवी त्यांत पहिली. ऑगस्टच्या शेवटाला गेलात तर हा सगळा डोंगर हिरवा असतो, खडकाच्या खाचांत बोटभर उंचीची फुलं असतात आणि नहरीतून खरोखरच पाणी वाहत असतं. दमटपणा थोडा सोसावा लागतो, पण मुंबईकराला तो काय सांगायचा.

किल्ल्याबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातला. ऑडिओ गाईड घ्या, तो चांगला आहे. ऊन चढल्यावर, म्हणजे अकरा ते दोन, किल्ल्याच्या आतल्या दालनांत असायचं. जाळ्यांमुळे तिथे वारा खेळता असतो. आणि उतरताना जयपोळच्या गर्दीत परत जाऊ नका. फतेहपोळ ही दुसरी बाजू धरा. ती वेस तुम्हाला थेट जुन्या वस्तीत, नवचौकिया आणि ब्रह्मपुरीच्या दिशेला सोडते. चढ असलेली वाट एकदाही न चढता उतरायला मिळते, आणि वाटेत राणीसर-पदमसरही होतात. उताराची फरशी शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालीये. गुळगुळीत तळाची चप्पल घालून गेलात तर दगडावर पाय टिकणार नाही.

ब्रह्मपुरीतल्या गल्ल्या अरुंद का, याचं उत्तर फूटपट्टीने काढता येतं. गल्ली आठ फूट आणि दोन्हीकडे तीस फुटांच्या भिंती असतील, तर उत्तर-दक्षिण गल्लीत ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते माध्यान्हीच्या आगेमागे जेमतेम दीड-दोन तास. बाकी दिवसभर एका ना एका भिंतीची सावली. म्हणून दुपारी चाललाच तर पूर्व-पश्चिम रस्ते टाळून उत्तर-दक्षिण बोळ धरा; माध्यान्ह टळली की पश्चिमेच्या भिंतीलगत चाला. म्हातारी माणसं ज्या बाजूच्या ओट्यावर बसलेली असतील ती त्या वेळची सावलीची बाजू, हेही लक्षात ठेवलं तरी पुरे. गुगल मॅप इथे भरवशाचा नाही, उंच भिंतींत मोबाइलवरचा निळा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे उडी मारतो. दिशा किल्ल्यावरून धरायची. घंटाघर किल्ल्याच्या आग्नेयेला, ब्रह्मपुरी पश्चिम-नैर्ऋत्येला, जसवंत थडा हे स्मारक ईशान्येला. चढ लागला की किल्ल्याकडे चाललोय एवढं नक्की.

निळ्या रंगाची कारणं गाईड एका दमात तीन सांगतात: ब्राह्मणांची घरं ओळखू यावीत म्हणून, चुन्यात मोरचूद घातल्याने वाळवी लागत नाही म्हणून, आणि घर थंड राहतं म्हणून. तिसऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. थंडावा देतो तो चुना. पांढरा चुना सगळ्यात जास्त ऊन परतवतो. त्यात नीळ मिसळली की ते थोडं कमीच होतं. निळा रंग डोळ्यांना गार वाटतो हे खरं, आणि चुन्याच्या झगझगाटापेक्षा त्याच्याकडे बघणं सोपं, तेवढं कारण मला पुरतं. चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी चुना भिजवून, गाळून, त्यात नीळ आणि जरासा डिंक घालून दोन-तीन पातळ हात देत. हा थर श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. आता बऱ्याच घरांवर डब्यातला तयार रंग दिसतो. तो ओल कोंडतो, मग वालुकाश्मातले क्षार आतून फुगतात आणि रंग पापुद्र्यांनी, दगडाच्या पापुद्र्यासकट सुटतो. गल्लीत फिरताना भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत बघा, हा सगळा आजार तिथे दिसेल.

वाळवंटातल्या शहरात भिंतीला ओल कुठून? याचं उत्तर मोठं गमतीचं आणि तितकंच त्रासाचं आहे. १९९० च्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसा योजनेने जोधपूरला आलं आणि कायलाना तलावात साठू लागलं. घरोघरी नळ आले, विहिरी-बावड्यांतून पाणी काढणं थांबलं. झिरपणारं पाणी मात्र थांबलं नाही. भूजल वर चढलं आणि जुन्या शहरातल्या तळघरांत पाणी साचू लागलं. ज्या शहराने थेंब थेंब खाली मुरवायची व्यवस्था केली, तिथे आता तळघरांतून पंपाने पाणी बाहेर फेकतात. दुसरीकडे टेकड्यांवरच्या नहरी खाणकामाने आणि घरांनी तुटल्या. पाणी जिथे हवं तिथे येत नाही आणि नको तिथे साचतं. मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण तर तलाव बुजवून त्यांची नावं तेवढी ठेवली: धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक. विहारचं पाणी १८६० मध्ये आलं आणि पुढे तळ्यांची गरजच उरली नाही असं शहराला वाटलं. वाळकेश्वरला बाणगंगा राहिली, ती देवळांमुळे.

जोधपूरने बरंच बुजवलं नाही, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. घंटाघरापासून जवळच गुलाब सागर आणि त्याला लागून तुरजी का झालरा. झालरा आणि बावडी यांत फरक असा की बावडीत एका बाजूने जिना थेट विहिरीपर्यंत उतरतो, झालऱ्याला तीन किंवा चारही बाजूंनी पायऱ्या. तुरजीचा झालरा १७४० च्या दशकातला. कितीतरी वर्षं घाण पाण्याने भरलेला होता, मग उपसून, साफ करून वापरात आणला. लालसर वालुकाश्म, पायऱ्यांचे उलटसुलट त्रिकोण. उतरताना तोंड समोर न ठेवता अंग थोडं तिरकं करून, भिंतीकडचा हात मोकळा ठेवून उतरा. पायऱ्या अरुंद आहेत आणि कठडा नाही. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर दगड गडद दिसायला लागला की तिथे शेवाळ आहे असं धरा आणि थांबा. पोरं वरून सूर मारतात, त्यांना तळाची रचना पाठ असते, तुम्हाला नाही. तळापर्यंत ऊन फक्त माध्यान्हीला पोचतं, म्हणून दुपारी एकच्या सुमारास फोटो काढायचा तो आत, आणि बाहेरच्या गल्लीचा संध्याकाळी पाचला. मला विचाराल तर दुपारची वेळ फोटोत घालवू नका. वरून चौथ्या-पाचव्या टप्प्यावर सावलीत बसा. पाण्यावरून वर येणारी हवा रस्त्यावरच्या हवेपेक्षा किती गार आहे ते तिथेच कळतं.

वस्तीत फिरताना एक गोष्ट पाळा, जी गिरगावात खोताच्या वाडीत जाणारेही पाळत नाहीत. ओटा हा घराचाच भाग असतो. कॅमेरा काढण्याआधी "राम राम सा, फोटो ले लूं?" असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि दोघांपैकी एक तरी चहाचं विचारतो. दरवाजा उघडा दिसला म्हणून आतल्या चौकात डोकावायचं नाही. ड्रोन तर अजिबात नको. गच्चीवर लोक पापड वाळवतात, कपडे वाळत घालतात, झोपतात.

खाणं उघड्यावरचंच. सकाळी प्याज कचोरी, घंटाघरापाशी माखनिया लस्सी, दुपारनंतर मिर्ची वडा. मिर्ची वडा म्हणजे जाड, कमी तिखट मिरचीत बटाट्याचं सारण, वर बेसन. तिथे तो ब्रेडच्या स्लाइसमध्ये दाबूनही खातात, त्यामुळे वडापाववाल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. तळण ताजं आहे का ते बघा, कढई रिकामी आणि परात भरलेली असेल तर पुढे चला. पाणी मडक्यातलं मिळालं तर ते बघण्यासारखं: मडकं पाझरतं, बाहेरचं पाणी उडतं, आतलं हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड होतं. पोट नाजूक असेल तर मात्र बाटलीबंदच प्या. बावडीचं कौतुक वेगळं आणि जुलाब वेगळे.

जायला वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस सोयीची: दुपारी निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. लोकलने आलात तर खार स्थानकावरून पादचारी पुलाने टर्मिनसला जाता येतं, वांद्र्याला उतरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची गरज नाही. चाकांची बॅग नेऊ नका. जुन्या शहरात राहणार असाल तर शेवटची दोन-तीनशे पावलं दगडी, चढाची, गाय आणि स्कूटर यांच्यामधून जाणारी असतात. पाठपिशवीच बरी.

परत येताना बांधणी आणि मोजड्यांच्या आधी केर-सांगरी घ्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, केर हे काटेरी झुडपाचं फळ, कुमटिया म्हणजे त्याच तीन काट्यांच्या झाडाचं बी. सकाळी ज्या डोंगरावर फिरलात तोच थोडा पिशवीतून येतो. सांगरी महाग असते, बारीक आणि गडद तपकिरी निवडा. जाड, पिवळट शेंगा चिवट निघतात. १०० ग्रॅम सांगरीला ३० ते ४० ग्रॅम केर पुरतात. दोन्ही चार-पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर वाळू कचकचते. केर रात्रभर ताकात भिजवा म्हणजे कडवटपणा उतरतो, सांगरी साध्या पाण्यात. सकाळी पाणी फेकून, चिमूटभर हळद घालून कुकरला दोन शिट्ट्या. मग मोहरीच्या तेलात जिरं, हिंग, सुक्या लाल मिरच्या, धणेपूड, केर-सांगरी, शेवटी आमचूर आणि मूठभर बेदाणे. परतताना पाणी घालू नका. मारवाडात ही भाजी दोन-तीन दिवस फडताळात राहते. मुंबईत ती त्याच रात्री फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि उरलेली सुकी सांगरी हवाबंद डब्यात घालून जूनच्या आधी फ्रिजरमध्ये, नाहीतर बुरशी तिच्यावर पहिल्या पावसातच येते.